परदेशी महाविद्यालयातले पहिले महिने: नव्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षिततेचे मार्गदर्शन

परदेशात शिकायला आले त्या पहिल्या संध्याकाळी मी दोन बॅगा घेऊन एका घराच्या पायऱ्यांवर उभी होते. पत्ता बरोबर होता, दार छायाचित्रात होते तसेच निळे होते आणि अनामत भरल्याची पावती माझ्या फोनमध्ये होती. दार उघडणाऱ्या वृद्ध बाईंनी ती पावती वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली आणि मग हळू आवाजात सांगितले की हे घर त्यांनी कधीच भाड्याने दिलेले नाही, आणि या महिन्यात अशी पावती घेऊन आलेली मी तिसरी मुलगी आहे. त्यांनी मला आत बसवले, विद्यापीठाच्या सुरक्षा कक्षाला फोन लावून दिला आणि ती रात्र मी विद्यापीठाच्या पाहुण्यांच्या खोलीत काढली.

निघताना मला सगळ्यांनी बजावले होते की रात्री एकटी फिरू नकोस. पैसे पाठवण्याआधी कुणाला तरी दाखव, असे मात्र कुणीच सांगितले नव्हते. पुढे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात नव्या मुलांना मदत करताना माझ्या लक्षात आले की नवख्या विद्यार्थ्याला गाठणारी बहुतेक संकटे घाई आणि एकटेपणा या दोन गोष्टींच्या आधाराने उभी राहतात. फसवणारा माणूस तुम्हाला विचार करायला वेळ देत नाही आणि दुसऱ्या कुणाशी बोलूही देत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या वाचताना प्रत्येक ठिकाणी एवढेच पाहा की थांबायला जागा कुठे आहे आणि विचारायला माणूस कोण आहे.

१. निघण्यापूर्वी कागदपत्रे तीन ठिकाणी ठेवा

मूळ प्रती हातातल्या बॅगेत असाव्यात, सामानात टाकलेल्या बॅगेत नव्हे. दुसरा संच स्वतःच्या ईमेलमध्ये किंवा ऑनलाइन साठवणीत ठेवा आणि तिसरा घरी विश्वासू माणसाकडे द्या. या संचात पुढील गोष्टी हव्यात:

- पासपोर्टचे छायाचित्र असलेले पान आणि व्हिसा
- प्रवेशपत्र, शुल्काच्या पावत्या आणि शिष्यवृत्ती असल्यास तिचे पत्र
- आरोग्य विम्याची पॉलिसी आणि विमा कंपनीचा मदत क्रमांक
- लसीकरणाची नोंद, रक्तगट आणि ॲलर्जीची माहिती
- नियमित औषधांची चिठ्ठी, ज्यावर कंपनीने दिलेल्या नावाबरोबर औषधाचे मूळ नावही लिहिलेले असेल
- बँकेचे कार्ड बंद करण्याचा क्रमांक
- आपल्या देशाच्या तिथल्या दूतावासाचा पत्ता आणि आपत्कालीन क्रमांक, कागदावर लिहिलेला

औषधांच्या बाबतीत विशेष जपा. औषधांची बाजारातली नावे देशागणिक बदलतात आणि एका देशात साधे वाटणारे औषध दुसऱ्या देशात बंदी घातलेले असू शकते. ॲम्फेटामाइन हे उत्तेजक द्रव्य असलेली औषधे जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. ज्या देशात जात आहात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या प्रत्येक औषधाचे नाव आधी शोधा.

रोज पासपोर्ट घेऊन फिरण्याची गरज असतेच असे नाही, मात्र जपानसारख्या देशात परदेशी नागरिकाने निवासपत्र सतत सोबत बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा आपल्या ठिकाणचा नियम विचारून घ्या. पासपोर्ट हरवल्याची नोंद एकदा केली की तो रद्द होतो आणि दुसऱ्या दिवशी कपाटात सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही, म्हणून नोंद करण्यापूर्वी एकदा नीट शोधा आणि खात्री पटली की मग उशीर करू नका.

२. घर पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका

माझी चूक याच पायरीवर झाली. जाहिरातीतले भाडे आसपासच्या घरांपेक्षा बरेच कमी होते, मालक ‘कामानिमित्त परदेशात’ होता, अनामत मिळताच किल्ली कुरिअरने पाठवणार होता आणि आणखी पाच विद्यार्थी वाट पाहत असल्याने संध्याकाळपर्यंत रक्कम भरायला सांगत होता. यातली एक खूण दिसली तरी सावध व्हायला हवे, आणि मला चारही दिसत होत्या. पण राहण्याची सोय झाली म्हणून घरचे निश्चिंत होतील, या विचाराने मी त्या खुणांकडे डोळेझाक केली.

तुमची परिस्थिती परवानगी देत असेल तर पहिले दोन आठवडे विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा तात्पुरत्या निवासात काढा आणि घर तिथे पोहोचल्यावर शोधा. थोडा जास्त खर्च होतो, पण बुडणाऱ्या अनामतीपेक्षा तो कमी असतो. दुरूनच घर ठरवणे भाग असेल तर थेट व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा आणि त्या वेळी खिडकीतून रस्ता दाखवा, नळ सोडून दाखवा अशा लहान मागण्या करा, कारण आधी चित्रित केलेली फीत तुमच्या मागणीनुसार वागू शकत नाही. जाहिरातीतली छायाचित्रे प्रतिमा-शोधात टाकून पाहा. आधीपासून तिथे शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला घर प्रत्यक्ष पाहून यायची विनंती करा. विद्यापीठात निवास कार्यालय असेल तर करार सही करण्यापूर्वी त्यांना वाचायला द्या. बँकेतून थेट परदेशी खात्यात, गिफ्ट कार्डाने किंवा आभासी चलनात अनामत मागणाऱ्याला नकार द्या.

त्या देशाचा कायदा थोडासा माहीत असला तरी खोटा मालक लवकर ओळखू येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये साध्या भाडेकरारात घेतलेली अनामत मालकाने ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते. जर्मनीत अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. तिथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी मालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ते द्यायला टाळाटाळ करणाऱ्या मालकाकडे घर घेऊ नये.

राहायला गेलात की सामान लावण्यापूर्वी प्रत्येक खोलीची चित्रफीत काढा. भिंतीवरचे डाग, खिडकीच्या कड्या, आधीच तुटलेले फर्निचर हे सारे त्यात दिसू द्या आणि त्याच दिवशी ती मालकाला ईमेलने पाठवा. मग धूरसूचक यंत्राचे बटण दाबून ते वाजते का पाहा. स्वयंपाकाच्या धुराने ते वारंवार वाजते म्हणून त्यावर पिशवी बांधणारी मुले मी पाहिली आहेत. कृपा करून असे करू नका, खिडकी उघडा. गॅसवर चालणारी शेगडी किंवा बॉयलर असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणारे यंत्रही हवेच, कारण या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. घरातल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटू लागले, तर तो थकवा समजू नका. सगळ्यांना घेऊन ताबडतोब बाहेर पडा आणि बाहेरूनच आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

३. आपत्कालीन क्रमांक पाठ करा आणि पत्ता बोलायचा सराव करा

अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपीय संघातल्या सर्व देशांत ११२, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि आग किंवा रुग्णवाहिकेसाठी ११९ असे वेगळे क्रमांक आहेत.

क्रमांक पाठ असूनही घाबरलेला माणूस नव्या घराचा पत्ता विसरतो. पहिल्याच आठवड्यात इमारतीचे नाव, रस्ता, मजला आणि खोली तिथल्या भाषेत दहा वेळा मोठ्याने म्हणा आणि लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फोन लागला की आधी ठिकाण सांगा, मग काय घडले ते, कारण मध्येच फोन तुटला तरी मदत निघू शकते. भाषा अडत असेल तर आपल्या भाषेचे नाव स्पष्ट उच्चारा, कारण अनेक केंद्रांत दुभाषी जोडून देण्याची सोय असते.

विद्यापीठाच्या सुरक्षा कक्षाचा क्रमांकही साठवून ठेवा. रात्री ग्रंथालयातून वसतिगृहापर्यंत सोबत देण्याची सेवा बऱ्याच विद्यापीठांत विनामूल्य असते आणि ती मागण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. अमेरिकेत संघीय आर्थिक साहाय्याच्या योजनांत सहभागी असलेल्या महाविद्यालयांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत परिसरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी प्रसिद्ध करावी लागते. तो अहवाल वाचा. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात एका विद्यार्थिनीचा तिच्या वसतिगृहातल्या खोलीत खून झाला आणि तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांतून १९९० मध्ये हा कायदा आला. त्या इमारतीची आपोआप बंद होणारी दारे अटकाव लावून उघडी ठेवलेली होती आणि मारेकरी त्यांतून आत शिरला होता. मित्र येणार आहे म्हणून मुख्य दाराला अटकाव लावणे किंवा मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला सभ्यपणाने दार धरून ठेवणे या दोन्ही सवयी म्हणूनच सोडाव्यात. ओळखपत्राची विचारणा करणे हा उद्धटपणा नाही.

४. फोनवरच्या ‘अधिकाऱ्या’चे ऐकून काही करू नका

फोन बहुधा पहिल्या काही आठवड्यांत येतो. समोरचा माणूस स्वतःला इमिग्रेशन, कर खाते, पोलीस किंवा तुमच्याच देशाच्या दूतावासातला अधिकारी म्हणवतो. त्याला तुमचे नाव आणि अभ्यासक्रम माहीत असतो, फोनच्या पडद्यावर खऱ्या कार्यालयाचा क्रमांकही दिसतो. तुमच्या नावाचे पार्सल पकडले गेले आहे, एखादा अर्ज राहिला आहे, आजच दंड भरला नाही तर अटक होऊन परत पाठवले जाईल असे तो सांगतो. त्यानंतरचे वाक्य नीट लक्षात ठेवा: ‘चौकशी गोपनीय आहे, कुणालाही सांगू नका आणि फोन ठेवू नका.’ खरा अधिकारी असे म्हणत नाही. पडद्यावर दिसणारा क्रमांक खोटा दाखवता येतो आणि कोणतेही सरकार गिफ्ट कार्डावरचे आकडे वाचून दाखवायला सांगून दंड वसूल करत नाही.

हा प्रकार किती दूर जाऊ शकतो हे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात दिसले. तिथे शिकायला आलेल्या १७ वर्षांच्या एका चिनी विद्यार्थ्याला फोनवरून धमकावून भामट्यांनी डोंगरात एकट्याने तंबू ठोकून राहायला लावले आणि चीनमधल्या आईवडिलांना अपहरण झाल्याचे भासवून सुमारे ८०,००० डॉलर उकळले. कडाक्याच्या थंडीत पोलिसांनी त्याला शोधून काढले तेव्हा त्याच्याजवळ त्याला हात लावणारे कुणीच नव्हते. कुटुंबाला धोका होईल या भीतीनेच तो तिथे बसून राहिला होता. हे वाचून ‘मी असा फसलो नसतो’ असे वाटणे स्वाभाविक आहे, पण अनोळखी देशात, व्हिसा जाण्याची भीती मनात असताना, अधिकारवाणीने बोलणाऱ्या माणसापुढे शहाणी मुलेही गप्प होतात.

असा फोन आला तर काहीही न कबूल करता तो ठेवा. त्यांनी दिलेल्या क्रमांकावर उलट फोन करू नका, त्या कार्यालयाचा क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर स्वतः शोधा. त्याआधी उठून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा किंवा शेजारच्या खोलीचे दार वाजवा, कारण घडलेला प्रकार तिसऱ्या माणसाला मोठ्याने सांगताना त्यातला खोटेपणा बहुतेक वेळा स्वतःच्याच कानाला जाणवतो. घरच्यांशी एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. ‘तुमचा मुलगा अटकेत आहे’ असा फोन त्यांना आला तर तो शब्द विचारायचा आणि तुमच्याशी बोलणे होईपर्यंत एक पैसाही पाठवायचा नाही, हे निघण्यापूर्वीच त्यांच्याशी बोलून घ्या.

५. बँक खाते कुणालाही वापरू देऊ नका

हा सापळा मदतीच्या रूपात येतो. ‘माझे खाते अजून उघडले नाही, तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, ते पुढे पाठव आणि त्यातले थोडे तुला ठेव,’ असे ओळखीचा मुलगासुद्धा म्हणू शकतो. ते पैसे बहुधा फसवणुकीतून आलेले असतात आणि माग काढत येणाऱ्या पोलिसांना फक्त तुमचे नाव सापडते. ब्रिटनमध्ये काळ्या पैशाच्या अशा व्यवहारासाठी १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा झाली नाही तरी खाते बंद होते, आणि पुढे खाते, कर्ज किंवा भाड्याचे घर मिळणे कठीण होऊन बसते. देश सोडून परत जाणारे विद्यार्थी आपली जुनी खाती विकतात, तेही याच गुन्ह्यात मोडते.

शुल्कात सवलत मिळवून देणाऱ्या मध्यस्थापासूनही दूर राहा. तो चोरलेल्या कार्डावरून तुमचे शुल्क भरतो, विद्यापीठाची पावती तुम्हाला दाखवतो आणि तुमच्याकडून कमी रक्कम घेतो. काही आठवड्यांनी कार्डाचा खरा मालक तक्रार करतो, भरणा रद्द होतो आणि पूर्ण शुल्क पुन्हा तुमच्या नावावर चढते. शुल्क फक्त विद्यापीठाच्या स्वतःच्या भरणा-पानावरून भरा.

६. कामाचे तास आणि व्हिसाच्या अटी

अटी मोडलेला विद्यार्थी तक्रार करायला घाबरतो आणि त्या भीतीचाच फायदा घेतला जातो, म्हणून हा मुद्दाही सुरक्षिततेचाच आहे. सत्र चालू असताना अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेर आठवड्याला २४ तास आणि ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास अशी मर्यादा आहे. पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेणाऱ्या किंवा कराराशिवाय रोख मजुरी देणाऱ्या मालकाकडे काम करू नका. घर बदलले की तेही विद्यापीठाला कळवा, अमेरिकेत यासाठी १० दिवसांची मुदत आहे. आणि अटींबद्दल शंका आली तर मित्राला विचारण्याऐवजी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहते.

७. रस्ता आणि पाणी

वाहने ज्या बाजूने जातात ती बाजू बदलली की वर्षानुवर्षांची सवय घात करते. अमेरिका आणि बहुतांश युरोपात वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहावे लागते. पहिला महिनाभर दोन्हीकडे दोनदा पाहा आणि त्या वेळी कानात काही घालू नका.

समुद्रात पोहायला जाणार असाल तर जीवरक्षक असलेलाच किनारा निवडा. ऑस्ट्रेलियात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच उतरायचे असते. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात तर त्याच्या विरुद्ध किनाऱ्याकडे झगडू नका, अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून मदत मागा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर या.

८. पार्टीला जाताना आणि परतताना

कुणाबरोबर जाता आणि कुणाबरोबर परत येणार हे निघण्यापूर्वीच ठरवा. आपला पेला नजरेआड करू नका आणि नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा, कोणत्याही देशात मैत्री टिकवण्यासाठी पिण्याची अट नसते. मित्र शुद्धीवर येत नसेल तर त्याला झोपू द्या असे कुणी म्हणाले तरी ऐकू नका. त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका आणि रुग्णवाहिका बोलवा. अमेरिकेत दारूसाठी किमान वय २१ आहे, पण अशा वेळी मदत बोलावणाऱ्याला त्या गुन्ह्यासाठी संरक्षण देणारे कायदे तिथल्या बहुतेक राज्यांत आहेत.

लैंगिक अत्याचार झाला तर दोष तुमचा नाही, तुम्ही कुठे होता आणि काय घातले होते याने त्यात काहीही बदल होत नाही. शक्य तितक्या लवकर रुग्णालयात जा. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, म्हणून तक्रार करायची की नाही हा निर्णय झाला नसला तरी उपचार थांबवू नका. अमेरिकेत पोलिसांकडे तक्रार न करताही पुराव्याची वैद्यकीय तपासणी करून घेता येते. तपासणी होईपर्यंत आंघोळ न करणे आणि कपडे कागदी पिशवीत ठेवणे पुराव्याच्या दृष्टीने उपयोगी पडते, पण आंघोळ झाली असली तरीही जा.

९. मन थकले तर

पहिली धावपळ संपून खोलीतली शांतता अंगावर येऊ लागते तेव्हा अनेक जण कोसळतात. झोप उडणे, तासांना न जाणे, घरच्यांचा फोन टाळणे ही लक्षणे स्वतःत किंवा शेजाऱ्यात दिसली तर विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ घ्या. समुपदेशकाकडे गेल्याची बातमी घरी कळेल किंवा व्हिसावर परिणाम होईल, अशी भीती मला कितीतरी मुलांनी बोलून दाखवली आहे. जिवाला धोका असल्याखेरीज हे बोलणे गोपनीय राहते आणि त्याचे नियम पहिल्याच भेटीत विचारता येतात. जीव नकोसा झाला असेल तर थांबू नका, त्याच क्षणी फोन करा. अमेरिकेत ९८८ आणि ब्रिटनमध्ये ११६ १२३ हे क्रमांक रात्रंदिवस चालू असतात.

१०. काही घडलेच तर कोणत्या क्रमाने वागावे

आधी सुरक्षित जागी जा. पैसे गेले असतील तर पोलिसांच्याही आधी बँकेला फोन करा, कारण सुरुवातीच्या तासांत व्यवहार अडवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते. मग पोलिसांत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या, विमा, बँक आणि नवा पासपोर्ट या सगळ्यांसाठी तो लागतो. संदेश, ईमेल आणि पावत्या पुसू नका. समजून न घेता कोणत्याही कागदावर सही करू नका, दुभाषी मागा. अटक झाली तर आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करा, वाणिज्य दूतावासांच्या संबंधांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या ३६ व्या कलमाने हा हक्क तुम्हाला दिलेला आहे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि घरी सांगा, लाज वाटत असली तरी त्याच दिवशी सांगा.

मी घरी सांगायला अकरा दिवस घेतले. पोलिसांत तक्रार मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच केली आणि निळ्या दाराच्या त्या बाई माझ्याबरोबर चौकीत आल्या. माझी रक्कम परत मिळाली नाही. तक्रारीचा क्रमांक जोडून कळवल्यावर ती जाहिरात संकेतस्थळावरून उतरवली गेली, आणि त्यानंतर बॅगा घेऊन त्यांच्या पायऱ्यांवर कुणी उभे राहिले नाही, असे बाईंनी मला सत्र संपताना सांगितले.